हळदीचे शिंतोडे

मे महिन्यातला रविवार. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि कवठे महांकाळात अंगणातली फरशी आतापासूनच पाय पोळत होती. दादानं चिकनची काळी पिशवी ओट्यावर ठेवली. वहिनीनं विचारलं, "कापलं किती वाजता?"

"आठला असंल."

"मग दीड तास कुठं होतं?"

दादा चौकात चहाला थांबला होता. पिशवी गाडीच्या हुकाला उन्हात लटकत होती.

आत्याला या चौकशीशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं पदर खोचला, दोन किलो चिकन पितळीत ओतलं, मूठभर मीठ आणि चमचाभर हळद चोळली आणि पितळी उचलून ती नळाकडं वळली.

"आत्या, नळाखाली नका धुऊ," वहिनी म्हणाली.

हा वाद या घरात जुना आहे. मी दर सुट्टीत तो अर्धामुर्धा ऐकतो. त्या दिवशी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आणि घरी आल्यावर लिहून काढावा असं वाटलं. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, वय सत्तरीच्या पुढं. गावातल्या जेवणावळींत रस्स्याला तिचा हात लागल्याशिवाय पंगत बसत नसे. वहिनी तिची सून. आमच्याकडच्या रीतीनं तीही सासूला आत्याच म्हणते. ती मिरजेत एका लॅबमध्ये काम करते. जुलाब लागलेल्या माणसांचे नमुने तिच्या हातून जातात, त्यातले जंतू ती काचेच्या बशीत वाढवून बघते.

"न्हाई धुवायचं?" आत्या म्हणाली. "रगत, पिसं, दुकानदाराच्या हाताची घाण, समदं तसंच पोटात घालायचं व्हय?"

"तसंच पातेल्यात घालायचं. शिजताना जंतू मरतात. पाण्यानं ते मरत नाहीत, फक्त जागा बदलतात."

"माझ्या सासूनं धुतलं, मी धुतलं, निम्म्या गावाला जेवाय घातलं. एक मानूस आजारी पडल्यालं दाखव."

"पडत होती माणसं, आत्या. आपण त्याला ऊन लागलं म्हणायचो, पाणी बाधलं म्हणायचो, नजर लागली म्हणायचो. कच्च्या कोंबडीवर जास्त करून दोन जंतू असतात, साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर. साल्मोनेला सहा तासांत त्रास देतो, कधी दोन-तीन दिवस लावतो. कॅम्पिलोबॅक्टरला तर दोन ते पाच दिवस लागतात. रविवारी खाल्लं आणि बुधवारी पोट बिघडलं, तर रविवारचा कांदा कुणाला आठवतो?"

"कांदा? कोंबडीचं बोलत हुतीस न्हवं?"

वहिनीनं उत्तर दिलं नाही. तिनं नळ सोडला आणि बाजूला झाली. "धुवा. रोज धुता तसंच."

आत्यानं धुतलं. धार जोरात होती. तुकडे उलटेपालटे झाले, पितळीतून पिवळं पाणी वाहून गेलं, आत्यानं हात झटकले. ओटा स्वच्छ दिसत होता. मग वहिनीनं धुण्याच्या सोड्याचं पाणी वाटीत घेतलं, पांढऱ्या फडक्याचा बोळा त्यात बुडवला आणि नळामागच्या टाइल्सवर दाबून दाबून फिरवला. फडक्यावर लाल ठिपके उमटले. नळाच्या मानेवर बोळा टेकवला, लाल. कठड्यावर पालथ्या घातलेल्या पेल्यांवर टेकवला, दोन पेल्यांवर लाल. हातभर लांब कोथिंबिरीची जुडी पडली होती. तिच्या देठांना पुसलं, तिथंही एक बारीक लाल रेघ.

हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हे आत्याला सांगायची गरज नव्हती. घरी हळदीचं कुंकू करताना तिनं आईला पाहिलं होतं. ती फडक्याकडं बघत राहिली. त्या कोथिंबिरीला पुढं आच लागणार नव्हती. ती चिरून शिजलेल्या रस्स्यावर जाणार होती, तशीच कच्ची.

"हळद दिसली म्हणून दिसली," वहिनी हळूच म्हणाली. "जंतू दिसत नाहीत. आणि कॅम्पिलोबॅक्टर आजारी पाडायला चारपाचशेही पुरतात. एवढे एका थेंबात सहज मावतात."

मला वाटलं होतं, आत्या आता चिडेल. ती विचारात पडली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आमच्या येळंला नळ कुटं हुता?"

इथं मला या वादाची खरी मेख सापडली. आत्याची पद्धत जुनी आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. पण कवठे महांकाळ हा दुष्काळी तालुका. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी पुढं तालुक्यात आलं. त्याआधी उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी पायपीट, नाहीतर टँकरची वाट बघणं. त्या काळात कोंबडं धारेखाली धुणारं घर कुठलं असणार? आत्या सांगू लागली: कोंबडं परसात कापायचं, कढत पाण्यात बुडवून पिसं काढायची, जाळावर धरून लव भाजायची. तुकडे करायचे तेही परसातच. भगुल्यात थोडं पाणी घेऊन त्यात तुकडे बुडवून काढायचे आणि ते पाणी लांब उकिरड्यावर ओतायचं. स्वयंपाकघरात यायचं ते चुलीवर चढायलाच. पाण्याचे पेले, भाकरीची दुरडी, कोथिंबीर, यातलं काहीच त्या पाण्याच्या आसपास नसायचं. धारेखाली धुणं ही नळ आणि टाइल्सचा ओटा आल्यानंतरची सवय आहे. आम्ही तिला परंपरा म्हणत होतो.

"मग भगुल्यात बुडवून काढलेलं चालंल का?" आत्यानं विचारलं.

"न धुणं सगळ्यात बरं. पण दुकानातून पिसाचे तुकडे, हाडाचा चुरा चिकटून आला आणि तुमचं मनच घेत नसेल, तर खोल भगुल्यात पाणी घ्या, तुकडे अलगद बुडवा, अलगद काढा. पाणी मोरीत हळू ओता, भांड्यांच्या सिंकमध्ये नको. मग भगुलं, मोरी आणि हात साबणानं धुवा. हात वीस सेकंद, नखांसकट."

"आन् हळद-मीठ?"

"चवीला लावा. चमचाभर हळदीनं मांस निर्जंतुक होत नाही. लिंबानं, दह्यानंही होत नाही."

"गावठी असलं तर? बॉयलर म्हंजी चाळीस दिसाचं पोर, त्येला काय ताकद. गावठी कोंबडं चांगलं असतंय."

"चव चांगली. जंतू दोघांच्याही पोटात राहतात, कोंबडीला काही होतही नाही त्यानं. गावठी परसात सगळं टिपत फिरतं, त्याच्याही आतड्यात असतातच."

चिकन चुलीवर गेलं. आत्या अजूनही रस्सा चुलीवरच करते. तेल, कांदा, लसूण, त्यात तुकडे परतले, वर ताट झाकलं आणि ताटात पाणी ओतलं. ते पाणी तापलं की तेच रस्स्याला घालायचं. वाटणाआधीची पहिली उकळी म्हणजे अळणी. ती पोरांना आणि आजारी माणसाला वाटीतून द्यायची. वहिनीनं या सगळ्यात एक शब्द काढला नाही. आमच्याकडं चिकन कच्चं राहतच नाही. आतल्या मांसाला ७४ अंश सेल्सियस उष्णता मिळाली की हे जंतू मरतात, आणि आत्याचा रस्सा अर्धा-पाऊण तास रटरटतो. तिच्याकडं थर्मामीटर नाही. तंगडीचा सगळ्यात जाड तुकडा काढून ती सांधा मोडते आणि हाडापासून मांस सुटतंय का बघते. वहिनी म्हणाली, बघायची जागा तीच, सांध्याजवळची. नुसत्या रंगावर जायचं नाही. कोवळ्या बॉयलरचं हाड शिजल्यावरही काळपट लाल दिसतं, आणि पांढरं दिसणारं मांस आत कमी शिजलेलं असू शकतं.

कच्चं राहण्याची भीती बाहेरच्या खाण्यात आहे. मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्दला गाडीवरचा चिकन शोरमा खाऊन एकोणीस वर्षांचा मुलगा दगावला. त्या उभ्या सळईवर मांसाचा गठ्ठा दिवसभर फिरतो, जाळाकडची बाजू भाजते, आतली कोमट राहते. असले गाडे आता तालुक्याच्या गावांतही लागतात. घाईत गिऱ्हाईक वाढलं की न भाजलेला थरही कापला जातो.

"आता कांद्याचं सांग," आत्या म्हणाली. ती विसरली नव्हती.

वहिनीनं ओट्यावरच्या सुरीकडं बोट केलं. दादानं मोठे तुकडे बारीक करायला तीच घेतली होती. ती नुसत्या पाण्याखाली धरून परत ठेवली होती आणि शेजारी कांदे-लिंबं काढून ठेवली होती. ताटातला कांदा कच्चा, लिंबू कच्चं, कोथिंबीर कच्ची. चिकन शिजून सुरक्षित झालं तरी आजार या तिघांच्या वाटेनं ताटात येतो. वहिनीचं म्हणणं एवढंच, की कांदा-लिंबू-कोथिंबीर आधी चिरून झाकून ठेवा आणि कच्च्या मांसाला सुरी नंतर लावा. किंवा मांसाची सुरी आणि पाट वेगळा ठेवा. मला या साऱ्यात ही गोष्ट सगळ्यात कामाची वाटली. तिला पैसा लागत नाही, फक्त कामाचा क्रम बदलायचा.

आत्याला आता हुरूप आला. "मग ह्याचा फोन बघ की!" ती माझ्याकडं वळली. मी मघाशी तुकडे भगुल्यात घालायला हात लावला होता, मधेच फोन वाजला म्हणून तो तसाच घेतला होता आणि आता तोच फोन हातात धरून बसलो होतो. "कच्च्या हातानं फोन, त्योच फोन जेवताना ताटाशेजारी. आमास्नी शिकवतीस आन् तुमचं तुमास्नी दिसत न्हाई."

वहिनी म्हणाली, "भावजी, फोन पुसा आणि हात साबणानं धुऊन या." मी गेलो.

परत आलो तेव्हा विषय फ्रीजवर आला होता. "त्यो फ्रीज म्हंजी इसरायची पेटी," आत्या म्हणत होती. "आमी कापलं की शिजवलं, शिजवलं की खाल्लं. आरेवाडीला बिरोबाच्या बनात यात्रंला जायचो, झाडाखाली चूल, तिथंच शिजवायचं, तिथंच जेवायचं, भगुलं पुसून घरी आणायचं. तुमी चार दीस ठिवता."

"यात तुमचंच बरोबर आहे," वहिनी म्हणाली, आणि मलाही ते पटलं. आत्याच्या चुलीला सुरक्षित ठेवलं ते कापणं, शिजवणं आणि खाणं यांत न पडलेल्या खंडानं. आता मधे दुकान आहे, चहा आहे, उन्हात लटकणारी पिशवी आहे, फ्रीज आहे, पार्सल आहे. वहिनीनं बोटांवर हिशेब केला. पोषक अन्न आणि ऊब मिळाली की एक जंतू वीस मिनिटांत दोन होतो. सात तासांत एकवीस वेळा दुप्पट. एकाचे वीस लाखांवर जातात. म्हणून पाच अंशांच्या खाली किंवा साठ अंशांच्या वर. मधल्या तापमानात अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि आपल्या मे महिन्यासारख्या उन्हात एकच तास. दादाची पिशवी दीड तास उन्हात होती, म्हणून तिनं पहिला प्रश्न वेळेचा विचारला.

फ्रीजबद्दल तिचं सांगणं थोडक्यात असं: कच्चं चिकन झाकणाच्या डब्यात सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचं पाणी दह्यावर, भाजीवर ठिबकत नाही. एक-दोन दिवसांत संपवायचं, नाहीतर बर्फाच्या कप्प्यात. बर्फातलं काढलं की रात्रभर खालच्या कप्प्यात सुटू द्यायचं, ओट्यावर नाही. आणि तास-तास वीज गेली, तर फ्रीज उघडून बघत बसायचं नाही.

"आन् शिळा रस्सा?" आत्याचा आवाज जरा बारीक झाला. शिळा रस्सा आणि भाकरी हा तिचा सोमवारचा नाष्टा. "उकळी दिली की मरतंय न्हवं समदं?"

"सगळं नाही."

"मघाशी म्हनालीस शिजलं की मरतंय. आता म्हनतीस समदं मरत न्हाई. एक काय ते ठरव."

प्रश्न नेमका होता. वहिनी चुलीसमोर पाट ओढून बसली. "कच्च्या मांसावरचे जंतू शिजताना मरतात, ते खरं. पण काहींचे बीजाणू असतात, बियाण्यासारखे. ते उकळीतही मरत नाहीत. रस्सा निवायला लागला की उगवतात. मागच्या वर्षीचं आठवा."

मागच्या वर्षी आमच्या भावकीत एक जेवण झालं होतं. रात्री दीडशे पानांचा रस्सा केला, निम्मं भगुलं उरलं. घरातल्या पोरांनी गरम राहावं म्हणून घट्ट झाकलं आणि वर पोतं टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कोमट करून घरच्यांनी खाल्लं. रात्री दहा-बारा जणांना मुरडा आणि जुलाब. उलटी कुणाला नाही, ताप नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे हिंडूफिरू लागले. वहिनी म्हणाली, तपासणी कुणी केली नाही म्हणून खात्री देता येत नाही, पण ही चाल क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्सची आहे. त्याला हवा नको असते, आणि मोठ्या भगुल्याच्या तळाशी हवा नसते. पोत्याखाली तो रस्सा रात्रभर कोमट राहिला. दुपारी खळखळून उकळला असता तरी वाढलेले जंतू मेले असते.

"मी तवाच म्हटलं हुतं परातीत वता म्हनून!" आत्या उसळली. "झाकून ठिवल्याला रस्सा घामतोय, मग आंबतोय. आमी परातीत पसरायचो, भात धोतरावर पसरायचो. पोरं ऐकत्यात कुटं?"

"लॅबमध्ये शिकवतात तेही हेच, आत्या. उथळ भांड्यांत वाटून लवकर निवू द्या, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढा आणि बुडबुडे येईपर्यंत उकळा. पण बोटाला कापलेलं असेल, फोड असेल, तर त्या हातानं वाढू नका. त्यातला स्टॅफिलोकॉकस अन्नात विष करून ठेवतो, आणि ते विष उकळलं तरी जात नाही. तासा-दोन तासांत उलट्या सुरू होतात."

मी मनाशी नोंद केली: कच्च्यासाठी उष्णता, शिजलेल्यासाठी वेळ. शेजारच्या जत तालुक्यात उमदीच्या आश्रमशाळेत ऑगस्ट २०२३ मध्ये जेवणातून दीडशेवर मुलांना विषबाधा झाली होती. तिथं कारण चिकन नव्हतं. पण अन्न शिजल्यानंतरचे तास कुणीतरी मोजायला हवेत, हे मोठ्या पंगतीत आणि वसतिगृहात दसपट खरं आहे.

दादा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "हे सगळं ऐकून लोक चिकनच सोडतील. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला, इकडं आपल्याकडं कुणी खाईना. २०२० मध्ये कोरोना चिकननं होतो म्हणून अफवा उठली, पोल्ट्रीवाल्यांनी फुकट वाटल्या कोंबड्या. परवा पुण्यात तो पाय लुळे पडायचा रोग आला, पुन्हा तेच."

वहिनीनं त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "कोरोनाची अफवाच होती. बर्ड फ्लूचा विषाणू ७० अंशांना मरतो, शिजलेल्या चिकनला घाबरायचं कारण नव्हतं. पण पुण्यातलं उडवून लावू नका."

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, काहींत नोरोव्हायरस. मोठा संशय पाण्यावर होता, आणि त्याच वेळी चिकन नीट शिजवून खा असंही सरकारनं सांगितलं. कॅम्पिलोबॅक्टरचं बाहेरचं कवच आपल्या मज्जातंतूंच्या आवरणासारखं दिसतं. शरीर जंतूशी लढता लढता चुकून स्वतःच्या नसांवर तुटून पडतं; पोट बरं झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पायातली ताकद जाते. हजार कॅम्पिलोबॅक्टर रुग्णांत एखाद्याला असं होतं. "म्हणून चिकन सोडायचं नाही," वहिनी म्हणाली, "सुरी धुवायची."

पोल्ट्रीवाल्याचं नुकसान अफवेनं होतं, आणि अफवा पसरते ती नेमकं काय करायचं हे माहीत नसलं की. मला दादाचीही काळजी खरी वाटते.

जेवायला बसलो. कांदा-लिंबू नव्यानं चिरलं होतं, सोड्याच्या पाण्यानं पुसलेल्या ओट्यावर. भिजलेली कोथिंबीर आत्यानं रस्सा रटरटत असतानाच त्यात टाकली. जेवता जेवता तिनं विचारलं, बाधलंच तर काय करायचं. वहिनीनं सांगितलं: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोटघोट. शौचातून रक्त आलं, ताप चढला, पाणीही पोटात टिकेना, लघवी कमी झाली, हातापायांत मुंग्या आल्या किंवा पाय जड पडले, तर दवाखाना. लहान मूल, गरोदर बाई आणि म्हातारं माणूस असेल तर वाट बघायचीच नाही.

"म्हंजी मी," आत्या म्हणाली.

"म्हणजे तुम्ही," वहिनी म्हणाली, आणि तिच्या ताटात आणखी एक पळी गरम रस्सा वाढला.

चारच्या सुमारास मी निघालो. कवठ्यातून मिरज, मिरजेहून पुणे, घरी पोचेपर्यंत सात तास. आत्या मला कधी रिकाम्या हातानं पाठवत नाही. स्टीलच्या डब्यात सुक्कं चिकन भरून वर फडकं बांधून देणं ही तिची नेहमीची रीत. या वेळी डबा तिनं हातात घेतला, वहिनीकडं पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि डबा परत मांडणीवर ठेवला. मिरजेत गाडीत बसल्यावर मी पिशवी उघडली. आत अर्धा किलो बेदाणे, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि चार भाकऱ्या होत्या.